रक्तचंदनाचे 1,37,800 रुपये आणि बांधावरचं करंज

रक्तचंदन म्हणून मला करंजाची रोपं विकली, त्यात किती गेले तो आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. 800 रोपं, 135 रुपयांनी 1,08,000. करारनाम्याची फी 11,500. टेम्पोभाडं 6,300. खड्ड्यांची मजुरी 12,000. सगळे हळदीच्या पट्टीतले पैसे.

मी काही अडाणी नाही, बी.एस्सी. झालोय. पण 2025 च्या उन्हाळ्यात पुसदकडची ती बातमी प्रत्येकाच्या मोबाईलवर होती. रेल्वेत गेलेल्या शेतातलं एक रक्तचंदनाचं झाड, आणि त्यापायी रेल्वेला हायकोर्टात 1 कोटी भरावे लागले. पुसद आम्हा हिंगोलीवाल्यांना काही लांब नाही. डोकं फिरणार नाही तर काय? नंतर ते झाड रक्तचंदन नसून बिजासाल निघाल्याची बातमी आली, ती मात्र एकाही ग्रुपवर कुणी फॉरवर्ड केली नाही.

मिरगाच्या तोंडावर दोघं आले. पांढरी गाडी, लॅमिनेट केलेले फोटो, 500 च्या स्टॅम्पवर बायबॅक, म्हणजे झाडं तेच परत विकत घेणार, 12 वर्षांनी झाडामागं 1 लाख. हे सगळं तुम्हाला पाठ असेल, मलाही होतं. आमच्या वडिलांनी नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजनेत 5,000 घालवले होते आणि त्यावरून मी त्यांना जन्मभर बोललो.

फाईलमध्ये एक कागद होता, त्यावरून मला आजही रात्री जाग येते. रक्तचंदन, सायटीस, परिशिष्ट 2, सन 1995. त्यांतला एक म्हणाला, "सर, ही आंतरराष्ट्रीय मान्यता." आणि मी मान डोलावली! अहो, धोक्यात आलेल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापाराला लगाम घालणारी यादी आहे ती. त्यात नाव आलं की परवान्याशिवाय लाकूड देशाबाहेर जात नाही. भारतातून तर रक्तचंदनाच्या निर्यातीवर मुळातच बंदी; लागवडीच्या लाकडाला सूट, पण तीही कागदपत्रं आणि परवानगी असेल तरच. म्हणजे विकता येणं किती अवघड आहे, याचा पुरावा तो मला विक्रीची हमी म्हणून दाखवत होता. कागद खोटा नव्हता. मी वाचला नाही.

घरी येऊन दहा मिनिटं शोधलं असतं तरी पुरलं असतं. हे झाड मुळात आंध्रातल्या कडप्पा-चित्तूरकडच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांतलं. चोरट्या तोडीनं संकटग्रस्त यादीत गेलेलं. लाल गाभा भरायला दशकं लागतात, आणि पाणी साचलेलं त्याला चालत नाही. आमची जमीन काळी, पावसाळ्यात बूट ओढून घेणारी.

रोपं उतरवताना माय ओट्यावर बसली होती. एक पिशवी उचलून तिनं पान चुरगाळलं, वास घेतला. "आरं, हे तं करंज दिसायलंय." रोपं घेऊन आलेला पोरगा हसला. कोवळी तांबूस पालवी दाखवत म्हणाला, "आजी, रक्त आत्ताच उतरायलंय बघा." मीही हसलो. आमच्याच बांधावर करंजाची दोन झाडं आहेत, लहानपणी त्यांच्या सावलीत झोपलोय मी. रक्तचंदनाला बहुधा तीन-तीन पानं असतात. या रोपांच्या देठाला पाच आणि सात होती. मोजायला काय लागलं असतं?

आणखी एक. 60,000 मी बँकेतून पाठवले ते कंपनीच्या नाही, कुण्या बाईच्या बचत खात्यावर. "जीएसटीचा घोळ आहे, सर." बाकीचे रोख. पावती नाही. पैसे वैयक्तिक खात्यावर मागितले की तिथंच उठा, चहासुद्धा पाजू नका.

मग दारोदार. ठाण्यात म्हणाले, माल मिळालाय ना, मग दिवाणी बाब, कोर्टात जा. मी म्हटलं, साहेब, फसवणुकीचं कलम 420 म्हणजे आताचं 318, तर म्हणाले "मग तुम्हीच ठाणं चालवा." सायबर फसवणुकीच्या 1930 वर फोन केला, तर ही ऑनलाईन फसवणूकच नाही म्हणे. कृषी कार्यालयानं सांगितलं, चंदनबिंदन वनखात्याचं. वनखात्यातल्या बाबूनं रोपाचं पान हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "हे तर करंज आहे, याच्याशी आमचा काय संबंध?" चार महिने, सहा खेपा, आणि या सगळ्या कचेऱ्यांत एकमेव माणूस ज्यानं झाड बरोबर ओळखलं, त्यानंच मला हाकललं. अर्ज तोंडी देऊ नका, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. मला हे तिसऱ्या खेपेला कळलं.

रोपं घेण्याआधी एक रोप जवळच्या रोपवाटिकेत किंवा कृषी विद्यापीठात नेऊन दाखवा. बियाणं कुठून आणलं ते लेखी मागा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद कशी करायची हे विचारा. आमच्याकडं आलेल्या त्या दोघांना ते सांगता आलं नव्हतं.

परवा मेव्हण्याचा फोन आला. त्यांच्याकडं वसमतच्या बाजूला तीच फाईल आलीय, आता महोगनीची. तोच परिशिष्ट 2 चा कागद, फक्त झाड बदललंय. मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या पानांच्या महोगनीसाठीची नोंद आहे ती, 2003 सालची, आपल्या शेतातल्या रोपाशी तिचा संबंधही नाही. मेव्हण्यानं त्यांना रविवारी परत बोलावलंय. मी जातोय. हिंगोली, परभणी, नांदेडकडं अजून कुणाकडं हा करारनामा असेल तर फाडू नका, मला कळवा. एकट्याचा अर्ज ठाण्यात कुणी वाचत नाही.