डोळा लवणे आणि बोटॉक्स : संभाजीनगरातील एका दवाखान्याचा अनुभव

गेल्या वर्षी माझ्या आईचा डावा डोळा लवू लागला, तेव्हा परभणीतील आमच्या गल्लीतल्या बायकांनी तो शुभशकुन मानला. दोन महिन्यांत मात्र डोळ्याबरोबर गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला, पोथी वाचताना डोळा आपोआप मिटू लागला आणि आम्ही छत्रपती संभाजीनगरातील एका मेंदूविकारतज्ज्ञांचा दवाखाना गाठला. चेहऱ्याच्या नसेवर मेंदूजवळ रक्तवाहिनी टेकल्यामुळे हे होत असल्याचे एमआरआयनंतर त्यांनी सांगितले आणि शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी बोटॉक्सचे इंजेक्शन देऊन पाहू, असे सुचवले.

नाव ऐकताच आई बिचकली, कारण ते नट्यांनी सुरकुत्या घालवण्यासाठी घ्यायचे औषध आहे, असे तिने ऐकले होते. डॉक्टरांनी घाई न करता तिची समजूत घातली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी हे औषध तिरळेपणासाठी वापरून पाहिले होते. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांची आकडी यांसाठी त्याला मान्यता मिळाली आणि भुवयांमधील आठ्यांसाठीची मान्यता त्यानंतर, २००२ मध्ये आली. मूळ द्रव्य जिवाणूचे विष आहे, हेही त्यांनी लपवले नाही. अत्यल्प मात्रेत ते नसेकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश रोखते आणि तो परिणाम साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो.

मला सर्वांत भावली ती इंजेक्शनापूर्वीची चौकशी. गिळायला त्रास होतो का, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, नुकतेच जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाचे इंजेक्शन घेतले आहे का, हे सर्व विचारून त्यांनी लिहून घेतले. फ्रीजमधली कुपी आमच्यासमोर उघडली, पाच ठिकाणी मिळून साडेबारा युनिट दिले आणि औषधाचे नाव, बॅच क्रमांक व युनिट कार्डावर नोंदवले. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटे एकमेकांच्या बरोबरीची नसतात, त्यामुळे ही नोंद पुढच्या प्रत्येक डॉक्टरच्या उपयोगाची आहे. गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना अडचण आली तर दिवस असो की रात्र, थेट रुग्णालयात जा, असे त्यांनी दोनदा बजावले.

पाचव्या दिवशी फडफड कमी झाली आणि दुसऱ्या आठवड्यात आईने पोथीचा एक अध्याय न थांबता वाचला. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. दहाव्या आठवड्यात परिणाम उतरू लागल्यावर मी लगेच दुसरा डोस मागितला, पण डोस लवकर दिल्यास शरीरात औषधाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता वाढते, म्हणून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत त्यांनी नकार दिला.

उणिवाही आहेत. संमतिपत्र केवळ इंग्रजीत आहे. परभणी-जालन्याहून येणाऱ्या वयस्कर माणसांना ते मराठीत मिळायलाच हवे. वेळ दिलेली असूनही आम्हाला तीन तास बसावे लागले. बिलात मात्र युनिटाचा दर स्वतंत्रपणे दाखवला होता.

याच औषधाचा दुसरा चेहरा मी घरातच पाहिला. लग्नसराईत माझ्या मावसबहिणीने दुसऱ्या शहरातील एका ब्यूटी पार्लरमध्ये कपाळाला इंजेक्शन घेतले. तिथे आधीच भरून ठेवलेली सिरिंज आणली गेली आणि प्रश्न एकही विचारला गेला नाही. आठवडाभरात तिची उजवी पापणी खाली आली. आईच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कार्ड मागितले, आणि ते नव्हतेच. औषध चुकून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचले असावे आणि ही पापणी हळूहळू आपोआप वर येईल, असा धीर त्यांनी दिला. सहा आठवड्यांनी तसे झालेही. त्यांच्या सांगण्यावरून बहिणीने पार्लरला फोन करून औषधाचे नाव आणि युनिट विचारले, तेव्हा ‘इम्पोर्टेड आहे, ताई’ एवढेच उत्तर मिळाले.