द्वोर्झाकचा चेलो कॉन्चेर्टो: काही महिने वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐकल्यावर

पावसाळ्यापासून चेक संगीतकार द्वोर्झाकचा बी मायनर या स्वरातला हा कॉन्चेर्टो, म्हणजे चेलो (व्हायोलिनच्या जातीचं, मोठं आणि खर्जातलं वाद्य) आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, रात्री हेडफोन लावून ऐकतोय. एक मुद्रण धरायचं, त्यात पुरतं मुरायचं, मगच दुसरं. मत आधीच सांगून टाकतो: एकच घ्यायचं असेल तर चेलोवादक प्येर फुर्निए आणि संचालक (कंडक्टर) जॉर्ज सेल यांचं घ्या, बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबरचं.

सहसा पहिली शिफारस होते ती चेलोवादक रोस्त्रोपोविच आणि संचालक कारायान यांच्या १९६८ च्या मुद्रणाची. त्याची भव्यता वादातीत आहे. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा बराच वेळ एकटाच वाजतो, मध्ये हॉर्नवर ती शांत धून येते, आणि मग कुठे चेलो शिरतो. रोस्त्रोपोविचचा तो पहिला सूर ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण रोजच्या ऐकण्यात ते जड व्हायला लागलं. हळवी जागा आली की दोघंही लय ओढून धरतात आणि ओघ तुटतो.

फुर्निएचा गज हलका, सूर स्वच्छ. सेल लय सैल पडू देत नाही, त्यामुळे दुसऱ्या भागात क्लॅरिनेटने काढलेली धून चेलो उचलतो तेव्हा दोघं एकमेकांचं ऐकत वाजवतायत हे लगेच कळतं.

माझ्यासाठी खरी परीक्षा शेवटच्या काही मिनिटांची. द्वोर्झाकने हे काम न्यूयॉर्कमध्ये १८९५ च्या सुरुवातीला पुरं केलं होतं. मायदेशी परतल्यावर मेहुणी जोसेफिना वारली आणि त्याने शेवट नव्याने लिहिला. तिच्या आवडीचं, त्याचंच एक गाणं दुसऱ्या भागात आधीच गुंफलेलं होतं, ते इथे पुन्हा येतं. चेलोवादक हानुश विहानला या जागी स्वतःची कडेन्झा (एकट्या वादकाने कसब दाखवायची जागा) घालायची होती. द्वोर्झाकने ठाम नकार दिला, आणि फार बरं केलं! इथे चेलो मागे सरतो, व्हायोलिनवर त्या गाण्याची आठवण निघते, सगळं विझत विझत जातं आणि मग ऑर्केस्ट्रा एकदम उसळतो. फुर्निए ही जागा अजिबात न रडवता वाजवतो, म्हणूनच ती जास्त लागते.

चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे (संचालक बारेनबॉइम, शिकागो, १९७०) याच्या अगदी उलट. लांब मिंडी, प्रत्येक वाक्य जीव तोडून. मन भरून आलं असेल त्या दिवशी याला तोड नाही, पण रोज झेपत नाही.

चेलोवादक कासाल्सचं १९३७ चं मुद्रण प्राग इथलं, चेक फिलहार्मोनिकबरोबर, आणि सूत्रं पुन्हा सेलकडेच. जुन्या तबकड्यांची खरखर आहे, ऑर्केस्ट्रा पातळ ऐकू येतो. तरी चेलोची धग कमी होत नाही. सेलची लय तेव्हाही तशीच ताठ होती, हे दोन्ही मुद्रणं पाठोपाठ ऐकली की लक्षात येतं.

रोस्त्रोपोविचचं एक प्रत्यक्ष मैफलीतलं मुद्रणही मिळतं: लंडन, २१ ऑगस्ट १९६८, संचालक स्वेत्लानोव आणि सोव्हिएत ऑर्केस्ट्रा. त्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले होते आणि हा सोव्हिएत वादक चेक संगीतकाराची रचना वाजवत होता. वादन घाईचं, कुठे कुठे खडबडीत. त्याच्या कारायानबरोबरच्या मुद्रणापेक्षा मला हेच जवळचं वाटतं.

हेडफोन साधे असतील तर कासाल्स शेवटी ऐका. आणि मुद्रण कुठलंही असो, आवाज पहिल्या भागातल्या गडगडाटावर बेतू नका, शेवटचे हळू सूर नीट ऐकू येतील इतका ठेवा.