टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन की क्लोमिफीनची गोळी?

रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन कमी आलं की जिममधला मित्र लगेच म्हणतो, इंजेक्शन मार, वाघ होशील. होशील रे, पण बाप व्हायचंय ना? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, मग पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणाला कामाला लावणारी हार्मोन्स, सोडणं जवळपास बंदच करते, आणि शुक्राणू बनायला वृषणाच्या आत तर रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते इंजेक्शनने तिथे भरून निघत नाही. माझ्या मावसभावाचं हेच झालं, दंड फुगले, रक्तातला आकडा झकास आणि सीमेन (वीर्य) रिपोर्टवर शुक्राणूंच्या काउंटसमोर चक्क ‘निल’, म्हणजे शून्य. थांबवल्यावर काउंट परत यायला बऱ्याचदा 6 महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त.

क्लोमिफीन म्हणजे खरं तर बायकांना ओव्ह्युलेशनसाठी (बीजांड बाहेर पडण्यासाठी) देतात ती गोळी, पुरुषांना ऑफ-लेबल, म्हणजे अधिकृत मंजुरी नसलेल्या वापरासाठी. ही मेंदूला इस्ट्रोजेन जाणवू देत नाही, म्हणून एलएच-एफएसएच वाढतं आणि वृषण स्वतःच कामाला लागतं. चिडचिड होते, कुणाला धूसर दिसतं, आणि पिट्युटरीच बिघडली असेल तर फारसा उपयोग नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, त्यामुळे 3 महिन्यांआधी टेस्ट करून रडत बसू नका. मूल हवं असेल तर मी इंजेक्शनकडे बघणारसुद्धा नाही, मुलं झाली असतील तर गोष्ट वेगळी.