बडोद्याहून न्यूयॉर्क: मुंबईवरून की अबुधाबीवरून?

मुलीकडे न्यूजर्सीला निघालेले आई-बाबा आधी विचारतात, "जवळचा मार्ग कुठला?" किलोमीटर पाहाल तर दोन्ही सारखेच. बडोदा ते मुंबई हवाई अंतर ३६० किलोमीटरच्या आसपास, पुढे न्यूयॉर्क साडेबारा हजार. अबुधाबीसाठी आधी गाडीने अहमदाबाद गाठायचं; तिथून अबुधाबी अठराशे आणि पुढे न्यूयॉर्क अकरा हजारांच्या थोडं वर. बेरीज दोन्हीकडे १२,९०० च्या घरात! मुंबई बडोद्याच्या दक्षिणेला आणि न्यूयॉर्कची वाट वायव्येकडून, म्हणजे आधी उलटंच जायचं. त्यामुळे ‘आखात म्हणजे वळसा’ हा हिशेब बडोदेकरांना लागू पडत नाही.

वेळेत मात्र फरक आहे. मुंबईहून थेट विमान साधारण सोळा तास घेतं. येताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे तास-दीड तास वाचतो. बडोद्याच्या हरणी विमानतळावरून मुंबई जेमतेम सव्वा तासाची, पण मध्ये चार तास तरी हाताशी हवेतच. घरातून निघाल्यापासून तेवीस-चोवीस तास धरा. अबुधाबीचा मार्ग यापेक्षा दोनेक तासांनी लांबतो: एक्सप्रेसवेने अहमदाबाद, सव्वातीन तासांचं पहिलं विमान, थांबा, मग चौदा तास.

तरी गुडघे धरणाऱ्या माणसांना मी अबुधाबीच सुचवेन. सलग सोळा तास बसणं वेगळं आणि मध्ये पाय मोकळे करून चौदा तास बसणं वेगळं. शिवाय अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबुधाबीतच उरकतं. २०१४ पासून ही सोय आहे. न्यूयॉर्कला उतरलात की देशांतर्गत प्रवाशासारखं बॅगा घेऊन थेट बाहेर. फक्त थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका, त्या रांगेत वेळ जातो. आणि लोणच्याच्या बरण्यांचे प्रश्न तिथे आई-बाबांना एकट्यानेच निभवावे लागतील, मुलगी काचेपलीकडे नसेल.

परतीला तर फरक जास्तच जाणवतो. मुंबईमार्गे आलात, तर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स सगळं मुंबईत, मग त्याच बॅगा पुन्हा बडोद्याच्या विमानासाठी द्यायच्या, तेही झोप उडालेली असताना. अहमदाबादला हे सगळं एकदाच, पुढे गाडीत बसलं की दोन तासांत बडोद्यातला दांडिया बाजार.

मुंबई निवडावी ती विमान बदलताना गोंधळणाऱ्यांनी किंवा पार्ल्या-बोरिवलीला हक्काचं घर असणाऱ्यांनी. आदल्या दिवशी रेल्वेने जा, रात्री झोपा आणि एकाच विमानात बसा.

दिल्लीचं अंतर कागदावर कमी दिसतं, पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. तिकीट काढण्याआधी तुमच्या प्रवासाच्या आठवड्यातली प्रत्यक्ष वेळ बघा.