नाताळची हलकीफुलकी प्रेमकथा हवी आहे: ‘डॅश अँड लिली’ घ्यावं की ‘लेट इट स्नो’?

दोन्ही पुस्तकं अमेरिकेतल्या नाताळच्या सुट्टीत घडतात, दोन्हींतली मुलं-मुली शाळकरी वयाची आहेत आणि दोन्ही वाचून झाल्यावर मन प्रसन्न होतं. तरी एकाला आवडलेलं दुसऱ्याला आवडेलच असं नाही, कारण दोघांची मजा वेगळ्या ठिकाणी आहे. एकात ती बोलण्यात आहे, दुसऱ्यात गोंधळात.

‘डॅश अँड लिलीज बुक ऑफ डेअर्स’ हे रेचल कोन आणि डेव्हिड लेव्हिथन यांचं २०१० चं पुस्तक. न्यूयॉर्कमधल्या स्ट्रँड या जुन्या पुस्तकांच्या दुकानात डॅशला एक लाल वही सापडते. वहीत कोडं असतं: शेल्फवरची अमुक पुस्तकं शोध, त्यांतले ठरावीक शब्द जोड, हिंमत असेल तर पुढे ये. वही लिलीची असते. मग ही वही शहरभर फिरत राहते. एकजण ती कुठेतरी ठेवतो, दुसरी उचलते, आव्हान पुरं करते, मनातलं लिहिते आणि नवं आव्हान देते. पुस्तकाचा बराच भाग दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं.

यातलं मर्म मला तिथेच वाटतं. समोर नसलेल्या माणसाला लिहिताना आपण धीट होतो आणि त्याच्याबद्दल मनात एक चित्रही रंगवत जातो. ते चित्र खऱ्या माणसाशी जुळेल का, ही धाकधूक पानापानाला वाढत जाते. डॅशला नाताळ अजिबात आवडत नाही. आईबाबा विभक्त, आणि तो दुसऱ्याकडे आहे असं दोघांनाही सांगून हा पठ्ठ्या एकटा राहतोय. लिलीला मात्र नाताळ म्हणजे जीव की प्राण, आणि नेमके यंदा तिचे आईवडील फिजीला गेलेत. म्हणजे सुट्टीत दोघंही एकटेच आहेत. एक स्वतःहून, दुसरी नाइलाजानं. हा एकटेपणा लेखकांनी फार हळुवारपणे हाताळलाय, विनोदाच्या आड न लपवता.

प्रकरणं आलटून पालटून येतात. डॅशची लेव्हिथननी लिहिली आहेत, लिलीची कोननी. त्यामुळे आवाज खरोखर दोन वाटतात. लिलीचा गोतावळाही मस्त आहे. भाऊ लँगस्टन, दबदबा असलेली मिसेस बेझिल ई. ही नात्यातली आजी, शहरभर पसरलेले मामा-काका, आणि वहीची ने-आण करायला यांच्यातलं कुणी ना कुणी हजर.

खटकतं ते हे: दोघंही वयाच्या मानानं फारच हुशार बोलतात. डॅशला शब्दांचं वेड आहे, त्यामुळे त्याची इंग्रजी अधूनमधून थांबायला लावते. उत्तरार्धातलं पोलिसांचं प्रकरणही मला ओढूनताणून आणलेलं वाटलं.

‘लेट इट स्नो’ २००८ चं. मॉरीन जॉन्सन, जॉन ग्रीन आणि लॉरेन मिरॅकल यांच्या तीन दीर्घकथा, एकाच हिमवादळात, ग्रेसटाउन नावाच्या काल्पनिक गावात घडणाऱ्या. पहिलीत ज्युबिलीची आगगाडी बर्फात अडकते. दुसरीत तीन मित्रमैत्रिणी भर वादळात गाडी काढून वॉफल हाउस नावाच्या रेस्टॉरंटकडे निघतात. तिसरीत प्रेमभंग झालेली ॲडी आणि डुकराचं एक इवलंसं पिल्लू आहे.

माझ्या मते पहिली गोष्ट सर्वांत सुरेख. ज्युबिलीची चिडचिड खरी वाटते आणि आपला प्रियकर आपल्याला वाटतो तेवढा चांगला नाही, हे तिला हळूहळू उमगतं, तो प्रवास नेमका आहे. दुसरी धमाल आहे, पण चीअरलीडर, म्हणजे सामन्यात संघाला प्रोत्साहन देणाऱ्या मुलींना त्यात माणसांपेक्षा कळपासारखं वागवलंय. ते आज वाचताना टोचतं. तिसरीतली ॲडी सुरुवातीला इतकी स्वतःतच गुंतलेली असते की पुस्तक मिटावंसं वाटेल. मिटू नका. पहिल्या गोष्टीत गाडीत ओझरता भेटलेला मुलगा इथे किती महत्त्वाचा आहे हे कळतं तेव्हा तिन्ही गोष्टींची वीण दिसते. म्हणूनच हे पुस्तक क्रमानंच वाचायला हवं.

पडद्यावर दोन्ही आलीत. ‘लेट इट स्नो’चा २०१९ चा नेटफ्लिक्स चित्रपट मूळ कथांपासून बराच दूर गेलाय, तेव्हा तो पाहिला असला तरी पुस्तक नवंच वाटेल. ‘डॅश अँड लिली’ची २०२० मधली आठ भागांची मालिका मात्र पाहिली असेल तर वहीतल्या कोड्यांची उत्सुकता थोडी कमी होते.

मग घ्यायचं कुठलं? सलग दोन-तीन दुपारी मोकळ्या असतील, पत्रं आणि पुस्तकांची दुकानं आवडत असतील, तर बेलाशक डॅश-लिली. माझं मत त्याच पारड्यात आहे. वेळ तुकड्यातुकड्यानं मिळणार असेल, किंवा इंग्रजी कादंबरी वाचायची सवय नुकतीच लागत असेल, तर ‘लेट इट स्नो’ सोपं जाईल. एक गोष्ट संपवून चार दिवसांनी दुसरी उचलली तरी रसभंग होत नाही. घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला द्यायचं असेल तर मात्र आधी स्वतः चाळा. दोन्हींत दारूचे उल्लेख आहेत आणि डॅशची जीभ जरा सैल आहे.

दोन्ही वाचून भूक उरलीच तर स्टेफनी पर्किन्स यांनी संपादित केलेला ‘माय ट्रू लव्ह गेव्ह टू मी’ हा २०१४ चा संग्रह शोधा. बारा लेखकांच्या बारा कथा आहेत, काही तर चक्क अद्भुतरम्य. त्यातली रेनबो रॉवेल यांची ‘मिडनाइट्स’ आधी वाचा. एका मित्र-मैत्रिणीची गोष्ट आहे, दर वर्षी एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री पुढे सरकणारी.