खजुराचे लाडू की दाण्याचे?

संध्याकाळी साडेपाचला ऑफिसात भूक लागते आणि पाय आपोआप वडापावच्या गाडीकडे वळतात, ते बंद करायचं म्हणून मी घरी लाडू करायला लागलो. ओव्हन आमच्याकडे नाही आणि पाकाच्या वाटेला मी जात नाही, एकतारी-दोनतारीचा अंदाज आईकडेच राहिला. मग उरले दोनच, खजूर-सुकामेव्याचे नाहीतर दाण्याच्या कुटाचे. वर्ष-दीड वर्ष दोन्ही आलटून पालटून केलेत.

चवीला खजूर पुढे आहे, उगाच कशाला नाकारू. वरून खसखस लावून ताटलीत मांडले की फराळाला ठेवण्यासारखे दिसतात, पाहुणेही मागून घेतात. आणि एकदा वळला की बॅगेत कसाही टाका, फुटत नाही.

पण तो मिक्सर! पाव किलो खजूर, बिया काढून, तुकडे करून घातला तरी दोन फिरक्यांत त्याचा एक गोळा होतो आणि ब्लेडला धरून बसतो, मोटर नुसती घूंऽऽ करते, मग जळका वास, मग सगळंच बंद. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं गेला मिक्सर, बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालू होती तोवर तीच आली, मिक्सर आडवा केला आणि बुडाचं लाल बटण दाबलं. चालू! इतकी वर्षं तो मिक्सर घरात आहे, ते बटण मला माहीतच नव्हतं. पुढे ब्लेडखालचा खजूर काढायचा म्हणजे चमचा आत जात नाही, बोट घालायची भीती, शेवटी गरम पाणी घालून जार रात्रभर सिंकमध्ये. सकाळी चटणीला जार नाही म्हणून ऐकून घ्यायचं ते वेगळंच.

कोणी म्हणेल मिक्सर कशाला, तुपावर परतून मऊ करून घ्या. केलं तेही. किमिया खजूर पटकन मऊ होतो पण लाडू गिळगिळीत, फ्रीजशिवाय आकार धरत नाहीत. पेंडखजूर घेतला तर उलथन्याने दामटून दामटून मनगट दुखतं.

दाण्याचं त्यामानाने सरळ. मंद आचेवर खमंग भाजायचे, चोळून सालं काढायची (बाल्कनीत, नाहीतर घरभर होतात), मिक्सर थांबत थांबत फिरवायचा कारण सलग फिरवला की तेल सुटून पीनट बटर होतं. दोन वाट्या कूट, पाऊण वाटी चिरलेला गूळ, वेलची, परत एक फिरकी, की लगेच वळायला घ्या. गूळ साधा मऊ बघा, चिक्कीचा नको. जारला साबणाचा एक हात फिरवला की झालं.

खोड आहे याच्यातही. डब्यात आदळला की फुटतो, मग चमच्याने खावा लागतो. एक खवट दाणा आला तर अख्खा घाणा गेला. काहींना दाण्याने पित्त होतं, त्यांनी खजुराचेच करावेत.

खजुराच्या लाडवाला लोक शुगरफ्री म्हणतात ते मला काही पटत नाही, 100 ग्रॅम खजुरात 65 ग्रॅमच्या आसपास साखरच असते, घरात डायबेटिसचं माणूस असेल तर दोन्ही जपूनच. दाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि माझं विचाराल तर दाण्याचा एक लाडू खाल्ला की रात्रीच्या जेवणापर्यंत काही लागत नाही, खजुराचे दोन खाल्ले तरी तिसऱ्याकडे हात जातो. आता हे माझ्या पोटाचं झालं, तुमचं वेगळं असू शकतं.

आमच्याकडे हल्ली रविवारी दाण्याचेच होतात. खजूर आणतो अजूनही, पण बी काढायची, आत एक बदाम खोचायचा आणि तसाच तोंडात टाकायचा.