क्वीन स्क्वेअर हॅमर घ्याच

ओपीडीत नव्याने बसणाऱ्या रेसिडेंटना आणि फिजिओच्या मुलांना मी आवर्जून सांगते, रिफ्लेक्स (ठोक्याला शरीर आपोआप देतं तो प्रतिसाद) तपासायचा छोटा त्रिकोणी रबराचा हॅमर ठेवून द्या आणि लांब दांड्याचा, चकतीवाला क्वीन स्क्वेअर घ्या. माझा सर्जिकलच्या दुकानात ४५० रुपयांना मिळाला.

त्रिकोणी हॅमर हलका असतो. जर्क, म्हणजे ठोक्यानंतर स्नायूचा आपोआप येणारा झटका, येईना की आपण जोर लावतो. मग डाव्या-उजव्यातला फरक पेशंटचा की आपल्या हाताचा, हेच कळत नाही. क्वीन स्क्वेअरचं डोकं जड आहे. दांड्याचं टोक सैल धरायचं, मनगट मोकळं सोडायचं, ठोका आपोआप सारखा पडतो.

मध्यंतरी एक काका आले. पाय ताठ होतात, चालताना तोल जातो. हातात कमरेचा एमआरआय. गुडघ्याचे जर्क उसळून आले, घोट्याला क्लोनस (पाऊल झटकन वर ढकललं की ते लयीत उडत राहतं), प्लांटर वर (तळव्यावर टोक ओढलं की अंगठा वर जातो). मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण एल-१ (कमरेचा पहिला मणका) पाशी संपतो, त्याखाली नुसती नसांची मुळं. दाब तिथे असता तर जर्क मंदावले असते. म्हणजे दोष वर, पण किती वर? बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) जर्क जवळजवळ नव्हताच, ट्रायसेप्सचा (मागच्या स्नायूचा) जोरात होता आणि मनगटाच्या वर रेडियसवर (अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर) ठोकलं तर कोपर वाकण्याऐवजी बोटं मिटली. हा उलटा सुपिनेटर (मनगटाजवळच्या या रिफ्लेक्सचं नाव)! सी-५, सी-६ (मानेतल्या पाचव्या-सहाव्या) पातळीवरचा रिफ्लेक्स तुटलेला, आणि त्याखालच्यांवर मेंदूचा लगाम उरलेला नाही. मानेचा एमआरआय केला. सी-५ आणि सी-६ मणक्यांमधली गादी मज्जारज्जूवर दाबत होती. बोटांची ती बारीक हालचाल हलक्या ठोक्याने निसटली असती, असं मला ठाम वाटतं.

लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या रुग्णालयात विन्टल नावाच्या परिचारिकेने बांबूच्या काठीला रबराची कड असलेलं पितळी चाक बसवून हे हॅमर बनवले, डॉक्टरांना विकले. मला तिचं फार कौतुक वाटतं.

दोष आहेत. एप्रनच्या खिशात हा मावत नाही. दांड्याचं टोक काही मॉडेलांत फारच अणकुचीदार असतं. मधुमेही पेशंटच्या तळव्यावर ते ओढू नका, बोथट काडी वापरा. घेताना चकतीची रबरी कड बोटाने फिरवून पाहा. सैल असेल तर दुसरा मागा, कारण ती निघाली की धातू थेट हाडावर बसतो.